बिनमोटरची पन्नाशी

निफाडचे आमचे साडू कुठल्याही वस्तूची किंमत कांद्यात काढतात. रुपये त्यांना कळत नाहीत असं नाही. द्राक्षांच्या औषधांची बिलं ते पैशापर्यंत तोंडपाठ सांगतात. पण एखादी वस्तू स्वस्त की महाग हे ठरवायचं, तर लासलगावच्या बाजारात आज कांदा क्विंटलला काय निघाला ते आधी बघायचं, असा त्यांचा शिरस्ता. मी कॅमेऱ्याला नवी लेन्स घ्यायचं काढलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "किती क्विंटलची काच आहे?"

नऊ हजारांची धरली, तर हजाराच्या भावाला नऊ क्विंटल आणि तीन हजारांच्या भावाला तीनच. म्हणजे मी नुसता घरात बसून राहिलो तरी लेन्स तिप्पट स्वस्त व्हायची सोय होती. "थांबा मग साडू," ते म्हणाले, "भाव वाढू द्या." कांदा त्यांचा, पगार माझा; त्यांचा भाव वाढल्यावर माझी लेन्स स्वस्त कशी होणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी थांबलो. खरेदीच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये थांबणं ही पायरी मला सर्वांत जास्त जमते.

ज्यांना कॅमेऱ्याचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स फुकटात दिल्यासारखी मिळते तिला किट लेन्स म्हणतात. अठरा ते पंचावन्न मिलिमीटर, पुढेमागे होते, सगळं थोडं थोडं करते. वर्षभर तिच्यावर फोटो काढले की माणसाला फोटो वाईट येण्याचं कारण सापडतं, आणि ते कारण कधीही तो स्वतः नसतो. मग त्याला पन्नास मिलिमीटर, एफ १.८ या लेन्सचा शोध लागतो. फोटोवाले तिला नुसतं 'फिफ्टी' म्हणतात. ती पुढेमागे होत नाही. जवळचं हवं तर आपण पुढे जायचं, सगळे हवे तर आपण मागे सरायचं. या 'आपण मागे सरायचं' कलमाकडे मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं.

१.८ हा आकडा भोकाचा. पन्नासला १.८ ने भागलं की जवळजवळ २८ मिलिमीटर येतात. एवढ्या रुंद भोकातून उजेड आत येतो. किट लेन्स पंचावन्नवर नेली तर तिचा आकडा ५.६, म्हणजे भोक जेमतेम दहा मिलिमीटरचं. आकडा लहान तेवढं भोक मोठं, ही पद्धत कुठल्या तरी सरकारी खात्यात ठरली असावी. हिशेब केला तर फिफ्टीतून किटच्या जवळपास दहापट उजेड मिळतो. दहापट! आमच्या घरात दहापट मिळणारी वस्तू याआधी फक्त वीजबिल होती.

आणि इतकी गुणी लेन्स स्वस्त का, याचाही मी अभ्यास केला. तिच्या रचनेचं मूळ १८९६ सालचं. जर्मनीत झाइसमध्ये पाउल रुडॉल्फ यांनी प्लानार नावाची लेन्स मांडली. मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच काचा. पुढच्या बहुतेक फिफ्ट्या या घराण्यातल्या. सहा काचा, पाच गट, विचित्र घडणीची एकही काच नाही. जुळणी शंभर वर्षं घोटलेली, म्हणून खर्च कमी. हे मी हिला उत्साहानं सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मग सव्वाशे वर्षांची जुनी वस्तू नवी म्हणून कशाला घेताय?"

मी तक्ता केला. कॅननची फिफ्टी पहिल्यांदा आली १९८७ मध्ये, तिचं बूड धातूचं. १९९० मध्ये ते प्लास्टिकचं झालं. २०१५ मध्ये पुन्हा धातूचं. माझा कॅमेरा निकॉनचा. कॅननची लेन्स त्याला बसत नाही. पण ती नसती तर तक्ता भरल्यासारखा दिसला नसता. निकॉनच्या रकान्यात तिघी होत्या. २००२ ची 'डी', २०११ ची 'जी', आणि २००९ ची एक पस्तीस मिलिमीटरची, तीही १.८. पस्तीसवाली मी लगेच बाद केली, कारण पन्नासातून पंधरा वजा होत होते आणि किंमत तेवढ्या प्रमाणात उतरत नव्हती.

राहिल्या डी आणि जी. मला मिळालेल्या भावांत डी साडेतीन हजारांनी स्वस्त. वजन डीचं १५६ ग्रॅम, जीचं १८५. शिवाय डीला भोक लहानमोठं करायचं एक कडं असतं, ते जीला नाही. म्हणजे कमी पैसे, कमी ओझं आणि वर एक कडं जास्त! कंपनीच्या हिशेबात काहीतरी गफलत झाली आहे आणि ती अख्ख्या जगात फक्त मला दिसली आहे, या आनंदात मला दोन रात्री झोप लागली नाही. त्यात माझ्या कॅमेऱ्याचं नाव डी ३२०० आणि लेन्सचं नाव डी. नावरास जुळत होती. आपल्याकडे एवढ्यावर लग्नं ठरतात.

तरी हात धजावेना. नाशकात राहणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याच्या खर्चाचा काथ्याकूट करताना एक अडचण येते, ती म्हणजे दादासाहेब फाळके. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मुंबई रस्त्याला लागलं की ते आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटतं. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून गृहस्थ लंडनला गेले आणि तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. परतल्यावर काय केलं, तर कुंडीतलं वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली, म्हणजे पैसेवाल्यांचा विश्वास बसावा. मग 'राजा हरिश्चंद्र', १९१३. त्याच वर्षी बाडबिस्तरा घेऊन नाशकात. त्यांनी असा तक्ता केला असता तर भारतीय सिनेमा अजून वाटाण्याच्या दाण्यातच असता.

स्फूर्ती घेऊन मीही कपाटातली पॉलिसी काढली. ती टर्म इन्शुरन्सची निघाली. तिच्यावर कर्ज मिळत नाही. पैसे मिळायला मरावं लागतं, आणि मग फोटो कोण काढणार? सरस्वतीबाई फाळक्यांनी सिनेमासाठी अंगावरचे दागिने दिले, हा भाग मी हॉलमध्ये बसून जरा मोठ्यानं वाचला. आत मिक्सर सुरू झाला.

शेवटी तारीख आली म्हणून निर्णय झाला. धाकट्या भाचीचा साखरपुडा ठरला, तोही कार्यालयात नव्हे, पंचवटीत आत्याच्या जुन्या वाड्यात, घरच्या घरी. "फोटोग्राफर कशाला? मी आहे ना," असं मी फोनवर बोलून बसलो. नाशकातल्या दुकानात डीचा भाव विचारला, मुंबईत फोर्टात पाचशेनं कमी आहे असं कळलं, आणि ते पाचशे वाचवायला मी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं निघालो. जाण्यायेण्याचं तिकीट, कसाऱ्याला वडे, सीएसएमटीला उतरून चहा, परतीला उशीर झाला म्हणून नाशिकरोडहून रिक्षा. पाचशे रुपये संपून वर खिशातले काही गेले. पण तत्त्व वाचलं.

दुकानातला मुलगा चांगला होता. त्यानं डबा काढण्याआधी विचारलं, "काका, बॉडी कोणती?" मी तयारीत गेलो होतो. पाहुणा दिसला की हे लोक महागाची वस्तू गळ्यात मारतात, हे ऐकून होतो. म्हटलं हा आता मला नवी बॉडी विकणार. "बॉडी आहे आपल्याकडे," मी म्हणालो. तो म्हणाला, "तसं नाही काका, बॉडीत मोटर आहे का?" मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, बाळा, तुझ्यासारखे फार पाहिलेत. "आहे हो सगळं," मी म्हणालो. त्यानं खांदे उडवले आणि बिल केलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं.

साखरपुड्याच्या सकाळी वाड्यात जाऊन मी ऐटीत लेन्स चढवली. जावई ओट्यावर बसले होते, व्याही पानदान न्याहाळत होते. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एफ ई ई' अशी तीन अक्षरं लुकलुकू लागली आणि फोटो काही निघेना. भाचा मान वाकडी करून वाचत म्हणाला, "मामा, कॅमेरा फी मागतोय." ते फुकटातलं कडं २२ या आकड्यावर नेऊन कुलूपबंद केल्याशिवाय कॅमेरा काम करत नाही, हे माहितीपत्रकात होतं. माहितीपत्रक कॉलेज रोडच्या घरी होतं.

कुलूप लागलं. पुन्हा अर्धं बटण दाबलं. किट लेन्स अशा वेळी घुर्र करते आणि समोरचं चित्र स्पष्ट होतं. इथे काही नाही. ना आवाज, ना हालचाल. व्याह्यांच्या जागी धुक्यात एक पांढरी टोपी. भाच्यानं मोबाइलवर दोन मिनिटं शोधलं आणि सगळ्यांच्या देखत निकाल वाचला, "मामा, तुमच्या बॉडीत मोटरच नाहीये."

तर प्रकार असा. डी जातीच्या त्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो आतल्या मोटरनं फिरतो आणि लेन्सला फिरवतो. निकॉनच्या सात हजारी मालिकेत ही मोटर असते. तीन हजारी आणि पाच हजारी मालिकेत नसते, कारण ते कॅमेरे हलके आणि स्वस्त ठेवायचे होते. जीच्या पोटात स्वतःची मोटर असते. तिचे ते जास्तीचे २९ ग्रॅम आणि साडेतीन हजार रुपये बरेचसे कशाचे होते, ते मला पंचवटीत, नव्या व्याह्यांसमोर कळलं. वाचवलेले साडेतीन हजार सार्थकी लावायचे तर आता कित्येक हजारांची नवी बॉडी लागणार होती.

"हातानं फिरवतात हो जुनेजाणते," मी जाहीर केलं आणि फिरवायला लागलो. खिडकीतून पाहताना कोपऱ्यात एक हिरवा ठिपका पेटला की फोकस जुळला असं समजायचं. ठिपका पेटे, तोवर समोरच्या माणसाचं हसू विझे. हसू पेटवावं, तोवर मी किंवा तो श्वास घेई आणि ठिपका जाई. कारण १.८ वर दीड मीटरवरून फोटो घेतला तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. त्याच्या अलीकडचं पलीकडचं सगळं लोणी. फोटोवाले याला बोके म्हणतात आणि त्यासाठी जीव टाकतात. आत्याच्या फोटोत नथीचे मोती इतके स्पष्ट आले की सराफाने भाव करावा. आत्या नंतर कुठेतरी सुरू होत होती. व्याह्यांच्या मिशा आल्या, डोळे नाहीत. अंगठी मी अगदी जवळून घेतली. तेवढ्या अंतरावर तो पट्टा अर्ध्या सेंटिमीटरचा होतो. अंगठीचा एक खडा हिमालयात उभा असल्यासारखा आला, बाकी अंगठी ढगात. भाची म्हणाली, "मामा, बोट माझंच आहे ना?"

मग सगळ्यांचा एकत्र फोटो.

आता ते मागे सरायचं कलम. पन्नास मिलिमीटर ही माणसाच्या नजरेसारखी लेन्स, फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक तिच्यावरच फोटो काढत आला, वगैरे मी घरी सांगून चुकलो होतो. पण त्याच्या लायका कॅमेऱ्यातली फिल्म ३६ मिलिमीटर रुंद. माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर साडेतेवीसच्या आत. त्यावर पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते. तीन मीटरवर उभं राहिलं तर चौकटीत एक मीटर चाळीस सेंटिमीटर मावतात. म्हणजे दोन माणसं, तीही बोलत असतील तर. दोन ओळींत चौदा माणसं म्हटली की चारेक मीटर रुंदी हवी, आणि त्यासाठी मला साडेआठ मीटर मागे जावं लागणार होतं.

वाड्याच्या चौकात मंडळी उभी केली. मी ओसरीपर्यंत मागे गेलो. चौकटीत सात जण. देवडीत गेलो, नऊ. "अहो, कुठं चाललात?" ही ओरडली. "येतो," म्हणालो आणि उंबरा ओलांडून गल्लीत उतरलो. समोरच्या घराच्या भिंतीला पाठ टेकली तेव्हा सगळे मावले, फक्त दोन्ही टोकांना दिंडी दरवाजाची चौकट आडवी आली आणि मुलाकडचे आजी-आजोबा तिच्यामागे गेले. मागून एक स्कूटर हॉर्न वाजवत होती. मी हिरव्या ठिपक्याची वाट पाहत कडं फिरवत होतो, आतले चौदा जण दात दाखवून थिजले होते, आणि एवढ्यात उजवीकडून भाविकांचा घोळका आला. "काळाराम मंदिर कुठं हो?" त्यातले एक गृहस्थ दरवाजातच थांबून मला म्हणाले. ठिपका पेटला. मी बटण दाबलं.

फोटोत सगळ्यांत स्पष्ट आलेले ते गृहस्थ आमचे कोणी नाहीत. कपाळावरचा गंध, शर्टाच्या खिशातलं पेन, पेनाचं टोपण, सगळं वाचता येतं. मागे लोण्यात चौदा आकृती आहेत. त्यातली भाची कोणती, यावर दोन मतं आहेत. अल्बममध्ये लागले ते फोटो भाच्यानं मोबाइलवर काढलेले. पुढे व्याह्यांनी लग्नाला फोटोग्राफर त्यांचा असेल हे फार अदबीनं कळवलं.

लेन्स वसूल करायची म्हणून थंडीत तिला घेऊन नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं ते पाणथळ जागेचं अभयारण्य, अशा जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे लोक हातभर लांबीच्या तोफा तिवईवर लावून बसतात. मी खिशातून फिफ्टी काढली. शंभर मीटरवरचा रोहित पक्षी तिच्यातून सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरहून जरासा मोठा पडतो. शेजारच्यानं विचारलं, "काका, फुलपाखरं का?" परतताना निफाडला साडूंकडे जेवलो. त्यांनी फोटो मोठा करून करून पाहिला आणि म्हणाले, "पाणी छान आलंय."

आता न्यायाचंही बोललं पाहिजे. साखरपुड्याच्या त्याच दिवशी, बाहेर मंडळी मोबाइलभोवती जमलेली असताना, मी तोंड लपवायला आत स्वयंपाकघरात गेलो होतो. वाड्यातलं स्वयंपाकघर ते. एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. आत्या पोळीवर तूप सोडत होती. किट लेन्सनं तिथे एक षष्ठांश सेकंद लागला असता आणि आत्याचे हात पुसट आले असते. १.८ वर एक साठांशात काम झालं. आत्या एका जागी बसून होती, मी खांबाला टेकलो होतो, घाई कुणालाच नव्हती. ठिपका सावकाश पेटला. तो फोटो मोठा करून आता वाड्यात लागला आहे. आत्यानं तो पाहिला तेव्हा म्हणाली, "मेल्या, पदर नीट घे म्हणून सांगायला काय झालं होतं?" आणि आणखी दोन प्रती मागितल्या, एक धुळ्याच्या नणंदेला दाखवायला.

तेव्हा लहान सेन्सरचा कॅमेरा असेल आणि फोटो घरातल्या माणसांचे काढायचे असतील, तर मी बाद केलेली ती पस्तीसवाली घ्या. तिच्यात मोटर आहे, ती पन्नासच्या आसपास वागते, आणि हॉलमध्ये राहून हॉलचा फोटो निघतो. एकट्यादुकट्या माणसाचे चेहरे काढायचे असतील तर फिफ्टीसारखी दुसरी लेन्स नाही. फक्त माझ्यासारखा कॅमेरा असेल तर पदरचे जास्तीचे पैसे घाला आणि जी आणा. दुकानदार बॉडी विचारेल, त्याला सरळ सांगा.

माझी डी विकायची आहे. काच स्वच्छ, बुरशी नाही, दोन पावसाळे डब्यात सिलिका जेलबरोबर काढलेत. वर ५२ मिलिमीटरचा फिल्टर फुकट. भाव घासाघीस करून ठरवू. किंमत रुपयांतच घेईन. घेणाऱ्याच्या बॉडीत मोटर हवी, हे मी आधी विचारीन, आणि "आहे हो सगळं" म्हणणाऱ्याला लेन्स मिळणार नाही.